जर्मनमध्ये मत मांडायचं कसं? आणि ‘का?’ विचारल्यावर पुढे काय बोलायचं?

पेग्निट्झकाठी

नमस्कार मंडळी. मी न्यूर्नबर्गला असते. जर्मनची बी१ पातळी झालीय, आता गटे इन्स्टिट्यूटची पुढची, बी२ पातळीची परीक्षा द्यायची आहे. दुकान, दवाखाना, बस, शेजारीण इथपर्यंत जर्मन ठीक चालतं. अडतं ते मत विचारलं की. मीटिंगमध्ये कुणी ‘वास हाल्टन झी डाफोन?’ (तुम्हाला याबद्दल काय वाटतं?) म्हणालं की मी ‘इश फिंडे डास गूट’ (मला हे चांगलं वाटतं) म्हणून मोकळी होते. समोरचा मात्र तसाच बघत राहतो, कारण त्याच्या दृष्टीने मी अजून काही बोललेलेच नसते. मग येतो ‘उंड वारुम?’ (आणि का?) आणि माझी बोलती बंद.

परीक्षेतही नेमकं हेच आहे. लेखनाला ७५ मिनिटं, त्यात पहिलाच प्रश्न एखाद्या वादाच्या विषयावर किमान १५० शब्दांत मत लिहा. तोंडी परीक्षेत आधी छोटं भाषण आणि मग जोडीदाराशी साधारण पाच मिनिटं चर्चा. व्याकरण येतं हो, ‘वाइल’ म्हणजे ‘कारण’, त्यानंतर क्रियापद शेवटी जातं हे झोपेतही सांगेन. पण ‘वाइल’नंतर म्हणायचं काय हेच सुचत नाही. तुम्ही कसं शिकलात?

कोथरूड_ते_कार्ल्सरूह

सगळ्यात आधी रेडेमिटेल, म्हणजे बोलण्याची तयार वाक्यं, पाठ करा. तयार वाक्यांची शिदोरी असली की डोकं मुद्द्यासाठी मोकळं राहतं. पन्नास नकोत, प्रत्येक कामाला एकच घ्या. मत सांगायला ‘इश बिन डेअर माइनुंग, डास...’ किंवा ‘माइनर माइनुंग नाख...’. दुसरं वापरताना त्यामागे लगेच क्रियापद: ‘माइनर माइनुंग नाख इस्ट डास त्सु टॉयर’. मध्ये स्वल्पविराम टाकून ‘डास इस्ट’ करू नका. आणि ‘माइनर माइनुंग नाख फिंडे इश’ तर मुळीच नको, ते ‘माझ्या मते मला वाटतं’ झालं.

विरोध करायला ‘डास झेहे इश आन्डर्स’. अर्धं मान्य करायला ‘डास माग झाइन, आबर...’. नको असलेल्या कल्पनेला ‘डाफोन हाल्टे इश निश्ट फील’. एवढ्यावर माझी कैक वर्षं निघाली आहेत.

तिरपागडा

माफ करा, पण या रेडेमिटेलनीच घोळ केला आहे. बी२चे नमुना निबंध वाचा. ‘आजकाल हा विषय अतिशय महत्त्वाचा आहे. याला फायदे आहेत तसे तोटेही आहेत. एकीकडे हे, दुसरीकडे ते. शेवटी प्रत्येकाने स्वतः ठरवावं.’ दीडशे शब्द भरले आणि लिहिणाऱ्याचं मत काय ते शेवटपर्यंत कळलं नाही! हाच निबंध मोबाइलवर चालतो, शाकाहारावर चालतो, घरून काम करण्यावरही चालतो. धागाकर्तीला वाक्यं कमी पडत नाहीत. तिला बाजू घ्यायची सवय नाही.

कोथरूड_ते_कार्ल्सरूह

सवय लागेपर्यंत तोंड तर उघडलं पाहिजे ना? ऐन वेळी शब्द सापडले नाहीत तर बाजू घेऊन करायचं काय.

अनुस्वार

पुण्यात जर्मन शिकवते, म्हणून जरा लांबण लावते.

आपण मराठी माणसं जर्मन शिकताना एक हातचा फायदा सोडून देतो. मध्ये इंग्रजी आणतो. ‘बिकॉज आय हॅव टू वर्क’ मनात म्हणायचं, त्याचे तुकडे करायचे, क्रियापद उचलून मागे नेऊन ठेवायचं आणि मग ‘जर्मन फार उलटी भाषा’ म्हणायचं. उलटी कुणाला? मराठीत ‘कारण मला आज काम करावं लागतं’, जर्मनमध्ये ‘वाइल इश हॉइटे आर्बाइटेन मुस’. आधी काम, मग लागतं. आधी आर्बाइटेन, मग मुस. ‘मला वाटतं की तो आधीच गेला आहे’, ‘इश ग्लाउबे, डास एअर शोन गेगांगेन इस्ट’. गेला आहे, गेगांगेन इस्ट. जोडवाक्यातला क्रम जवळजवळ आपलाच आहे. आपल्याला परका आहे तो साध्या वाक्यातला, जिथे क्रियापद दुसऱ्या जागी येऊन बसतं. तेव्हा ‘वाइल’ आणि ‘डास’ची वाक्यं सरळ मराठीतून उतरवा, इंग्रजीला बाजूला बसवा.

याच कारणाने ‘डेन’ जपून वापरा. अर्थ ‘कारण’च, पण पुढचं वाक्य साधं राहतं, क्रियापद दुसऱ्या जागी. ‘डेसहाल्ब’ (म्हणून) आणि ‘ट्रोट्सडेम’ (तरीही) यांनी वाक्य सुरू केलंत तर क्रियापद त्यांच्या लगेच मागे. आणि ‘नेमलिश’ शिकाच. ते कधी वाक्याच्या तोंडाशी येत नाही. ‘इश कोम्मे निश्ट मिट. इश मुस नेमलिश आर्बाइटेन.’ मी नाही येत, मला काम आहे ना. हा जो आपला ‘ना’ आहे, कारण सांगतोय हे न सांगता कारण सांगणारा, त्याची जागा तिथे ‘नेमलिश’ घेतं. बोलताना हे एक जमलं तरी माणूस पाठांतर म्हणतोय असं वाटत नाही.

आता मुख्य प्रश्न, पुढे काय बोलायचं. जर्मन शाळेत मुलांना ‘एरोर्टरुंग’ नावाचा लेखनप्रकार शिकवतात. वादाच्या प्रश्नावर दोन्ही बाजू तपासून निष्कर्षाला यायचं. त्यातल्या प्रत्येक मुद्द्याचे तीन तुकडे असतात: बेहाउप्टुंग, बेग्रुंडुंग, बाइश्पील. दावा, कारण, उदाहरण. धागाकर्ती ताई, तुम्ही पहिल्यावर थांबता. ‘घरून काम चांगलं’ हा दावा झाला. ‘कारण प्रवासाचा वेळ वाचतो’ हे कारण. ‘माझी सहकारी रोज बाम्बेर्गहून येते, घरून काम असतं त्या दिवशी ती मुलाला स्वतः पाळणाघरात सोडते’ हे उदाहरण. तिसरा तुकडा आला की ऐकणारा मान हलवतो, कारण त्याला काहीतरी दिसलेलं असतं.

एरोर्टरुंगची आणखी एक रीत आहे, तिला ‘झांडऊर’ म्हणतात, म्हणजे वाळूचं घड्याळ. विरोधकाचा सगळ्यात दमदार मुद्दा आधी मांडायचा, मग त्याचे कमकुवत मुद्दे. घड्याळाच्या कमरेशी वळायचं आणि आपल्या बाजूने कमकुवत मुद्द्यापासून चढत चढत सगळ्यात भक्कम मुद्दा शेवटी ठेवायचा. वाचणाऱ्याच्या मनात तोच राहतो. आपल्याकडच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिल्या वाक्यालाच टाळी घ्यायची असते, त्यामुळे सगळा दारूगोळा सुरुवातीलाच संपतो.

पण थांबा! बी२च्या लेखनात आख्खी एरोर्टरुंग नको. तिथे चार मुद्दे दिलेले असतात: मत सांगा, कारणं द्या, दुसरे पर्याय सुचवा, त्या पर्यायांचे फायदे सांगा. फायदे-तोट्यांचा निबंध पाठ करून जाणारे तिसऱ्या मुद्द्यावर गडबडतात. चर्चेतही शेवटी विचारलेलंच असतं, तुम्ही बाजूने की विरोधात? ‘डास कोम्ट डाराउफ आन’ (ते परिस्थितीवर अवलंबून आहे) म्हणून कुंपणावर बसायची सोय नाही. तिरपागडा यांचा तेवढा मुद्दा मला मान्य आहे.

तिरपागडा

तेवढाच का होईना, घेतो.

मिरजेची_परिचारिका

मी बाडेन-वुर्टेंबर्गमध्ये नर्स आहे. आमच्या कामाला मान्यता मिळायला बी२ लागतं, त्यामुळे परीक्षेची चर्चा पाच मिनिटांची असली तरी नंतरची आयुष्यभर चालते. एक सांगू? वॉर्डात ‘माइनर माइनुंग नाख’ मी क्वचितच वापरलं असेल. तिथे मत निरीक्षणातून येतं.

पाळी बदलताना जी उयबरगाबे असते, म्हणजे पेशंटची माहिती पुढच्या पाळीला देणं, तिथे नुसतं ‘मला हे पेशंट बरे वाटत नाहीत’ म्हटलं तर कुणी काही करत नाही. ‘मिअर इस्ट आउफगेफालेन, डास...’ असं सुरू करते. माझ्या लक्षात आलं की कालपासून ते पाणी कमी पितात, लघवी कमी झाली आहे, हाक मारली तर उशिरा ओ देतात. डेसहाल्ब व्युर्डे इश फोरश्लागेन, म्हणून मी सुचवेन की डॉक्टरांनी एकदा बघावं. इथे ‘व्युर्डे’ फार कामाचं. ठाम बोलता येतं आणि डॉक्टरांना हुकूम सोडल्यासारखंही होत नाही.

भारतात सिनियरसमोर गप्प बसायची सवय लागलेली असते. इथे गप्प बसलं तर समजतात की हिला काही म्हणायचं नाही. माझ्या नंतर आलेल्या मुलींना मी हेच सांगते. २०२४ला महाराष्ट्र सरकारचा बाडेन-वुर्टेंबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार झाला, त्यामुळे गावाकडून आता इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, नर्स सगळेच जर्मन शिकायचं म्हणतात आणि मला फोन करतात. मी म्हणते डेअर-डी-डास (नामांची लिंगं) होईल हळूहळू, पण ‘हे काम असं का केलं’ हे रोज रात्री मोठ्याने जर्मनमध्ये बोलून बघा. ज्याला आपलं काम येतं त्याला कारणं शोधावी लागत नाहीत.

दोडक्याची_भाजी

मिरजताई, +१००. जतन करून ठेवण्यासारखा प्रतिसाद.

चौथीची_आई

धागाकर्तीचं न्यूर्नबर्ग बायर्न राज्यात आहे म्हणून लिहिते. मुलं असतील तर ही विद्या ऑफिसपेक्षा शाळेत जास्त लागेल. इथे चौथीतच ठरतं की मूल गिम्नाझिउमला (विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत) जाणार की नाही. जर्मन, गणित आणि हाइमाट- उंड जाखउंटररिश्त (आपल्या परिसर अभ्यासासारखा विषय) या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली हवी (जर्मनीत १ सगळ्यात चांगला, हे नवीन लोकांसाठी). शिक्षकांना भेटायला गेलं की आपण दोनपैकी एक करतो. मान डोलावून परत येतो, नाहीतर ‘माझा मुलगा हुशार आहे हो’ म्हणतो. दोन्ही निरुपयोगी.

मी वही घेऊन गेले. ‘तोंडी उत्तरांचे गुण कमी का, हे मला समजून घ्यायचं आहे. घरी तो गोष्टी सांगतो, वर्गात बोलत नाही. त्याला आधी जोडीत बोलायला दिलं तर?’ बाई लगेच खुलल्या. भांडायला आलेली आई आणि कारण विचारायला आलेली आई यांत त्यांना फरक दिसतो. ‘क्योन्टे मान निश्ट...’, असं करता येणार नाही का, हे वाक्य पालकसभेत सोन्याच्या मोलाचं आहे. अशा पालकसभेला, म्हणजे एल्टर्नआबेंडला, मागच्या बाकावर बसून व्हॉट्सअपवर कुरकुर करण्यापेक्षा एकदा वापरून बघा.

सहीशिक्का

बोलण्याचंच चाललंय, लिहिण्याचंही बघा. या देशात ‘बेग्रुंडुंग’ हा पत्रातला मथळा असतो! आरोग्य विम्याच्या क्रांकेनकासेने एखादा उपचार नाकारला तर व्हिडरश्प्रुख, म्हणजे लेखी हरकत, करता येतो. निर्णयाचं पत्र मिळाल्यापासून एक महिना मुदत. कराच्या पत्राविरुद्ध जो करतात त्याला आइनश्प्रुख म्हणतात, मुदत तीही एक महिना. नावं उलटसुलट करू नका.

मुदत संपत आली असेल आणि कारणं लिहून झाली नसतील तर दोन ओळींचं पत्र आधी पाठवा, ‘अमुक तारखेच्या बेशाइडविरुद्ध (निर्णयाच्या पत्राविरुद्ध) मी व्हिडरश्प्रुख दाखल करतो, बेग्रुंडुंग फोल्ग्ट’, म्हणजे कारणं मागाहून. कारणं लिहिताना रडगाणं नको. कोणत्या तारखेला काय झालं, डॉक्टरांनी काय लिहिलंय, निर्णयातल्या कोणत्या वाक्याशी तुमचं जमत नाही. मी माझ्या फिजिओथेरपीच्या पत्रात ‘अन्याय’ हा शब्द लिहिला होता. शेजारच्या निवृत्त आजोबांनी तो खोडला आणि त्या जागी डॉक्टरांच्या अहवालाची तारीख घातली. मंजुरी आली. त्या तारखेमुळेच आली की काय कोण जाणे, पण बी२चा खरा अभ्यास माझा त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला.

पेग्निट्झकाठी

बापरे, इतकं छान! सगळं उतरवून घेते आहे. एक शंका उरली आहे. ‘डास झेहे इश आन्डर्स’ तोंडावर म्हणणं उद्धट नाही का वाटत? मला अजून जीव चोरल्यासारखं होतं.

कोथरूड_ते_कार्ल्सरूह

अजिबात नाही. आणि सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला स्पष्टवक्तेपणाचा धडा जर्मनांनी द्यावा हे काही मला पटत नाही. आमच्या जिन्यात लावलेल्या पाट्या नुसत्या जर्मनमध्ये करून इथल्या इमारतीत लावल्या तर हाउसओर्डनुंग (इमारतीचे नियम) म्हणून खपतील.

अनुस्वार

विनोद ठीक, पण एक फरक आहे. पुणेरी पाटीत कारण नसतं, निकाल असतो. जर्मन माणूस ‘मला हे पटत नाही’ म्हणाला की पुढचं वाक्य कारणाचं असणार, आणि तुमच्याकडूनही त्याची तीच अपेक्षा. कारण दिलंत की विरोध मुद्द्याला झाला. नाही दिलंत की मग उद्धट. शिवाय धार कमी करायला त्यांच्याकडे ‘या’, ‘डोख’, ‘हाल्ट’, ‘आइगेन्ट्लिश’ असे बारके शब्द असतात, आपल्या ‘की’, ‘बुवा’, ‘तसं’सारखे. ‘आइगेन्ट्लिश फिंडे इश...’ म्हणजे ‘तसं बघितलं तर मला वाटतं...’. ते पुस्तकातून येत नाहीत, ऐकून ऐकूनच येतात.

सरावाचं म्हणाल तर ‘युगेंड डेबाटिअर्ट’ या शालेय स्पर्धेचे व्हिडिओ बघा. चौघं जण, दोन बाजूने, दोन विरोधात. सुरुवातीला प्रत्येकाला दोन मिनिटं, मध्ये कुणी अडवायचं नाही. मग बारा मिनिटं मोकळी चर्चा, शेवटी एकेक मिनिट. आणि गुण नुसत्या बोलण्याला नाहीत. विषयाची माहिती, मांडणी, पटवून देण्याची ताकद आणि समोरच्याचं ऐकून त्याला धरून बोलणं, चारही बघतात. आपले विद्यार्थी चौथ्यात मागे पडतात. जोडीदार बोलत असताना ते मनात स्वतःचं पुढचं वाक्य जुळवत असतात.

तिरपागडा

माझी एक सूचना. ज्या विषयावर मराठीतही मत नाही त्यावर जर्मनमध्ये सराव करू नका. जर्मनीत ३१ डिसेंबरच्या फटाक्यांवर दर वर्षी वाद होतो. बंदी घालावी का? धूर, कुत्री-मांजरं, जखमी माणसं, परंपरा, एका रात्रीची मजा. दिवाळीत हे सगळं आपण घरात, सोसायटीच्या ग्रुपवर, काकांशी भांडून झालेलं असतं. मुद्दे तयार आहेत, फक्त भाषा बदलायची. नाहीतर दुकानं रविवारी उघडी असावीत का, हा घ्या. पेग्निट्झताई, चार-पाच वाक्यं इथेच लिहा. फाडायला आम्ही बसलोच आहोत.

पेग्निट्झकाठी

घ्या तर मग. हसू नका.

‘इश बिन डाफ्युअर, डास डी लेडन झोनटाग्स गेश्लोसेन ब्लाइबेन. एस श्टिम्ट त्स्वार, डास बेरुफ्सटेटिगे वेनिश त्साइट हाबेन. डी कासिररिन आर्बाइटेट आबर शोन आम झाम्सटाग. वेन आउख डेअर झोनटाग वेगफेल्ट, हाट झी काइनेन फ्रायेन टाग मेअर मिट इरेन किंडर्न. मान क्योन्टे श्टाटडेसेन डी लेडन उंटर डेअर वोखे लेंगर ऑफनेन.’

ज्यांना जर्मन येत नाही त्यांच्यासाठी: रविवारी दुकानं बंदच राहावीत. नोकरदारांना वेळ कमी असतो हे खरं, पण काउंटरवरची बाई शनिवारीही कामाला असतेच. रविवारही गेला तर मुलांबरोबरचा एकही सुट्टीचा दिवस तिला उरत नाही. त्याऐवजी इतर दिवशी दुकानं जास्त वेळ उघडी ठेवता येतील.

अनुस्वार

व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही. ‘त्स्वार... आबर’ अगदी जिथल्या तिथे. बाजू पहिल्याच वाक्यात कळली, उदाहरण आलं, पर्यायही आला. शेवटच्या वाक्यात बायर्न घाला: तिथे दुकानं साधारणपणे रात्री ८ला बंद होतात, म्हणून तो पर्याय तिथे खरा लागू पडतो. मोघम पर्यायापेक्षा ते वजनदार होईल.

सहीशिक्का

आणि हवं असेल तर हुकमाचा पत्ता आहे. रविवारच्या विश्रांतीला जर्मनीत थेट राज्यघटनेचं संरक्षण आहे. वायमार घटनेतलं १३९वं कलम आजच्या घटनेच्या १४०व्या कलमाने तसंच पुढे चालू ठेवलं. बर्लिनने नाताळच्या आधीच्या चारही रविवारी दुकानं उघडायला परवानगी दिली होती, ती तरतूद २००९ साली घटना न्यायालयाने याच आधारावर घटनाबाह्य ठरवली. झांडऊरच्या तळाशी ठेवायला हा मुद्दा चांगला.

मिरजेची_परिचारिका

व्याकरण सोडा, मला मुद्दाच पटला नाही. मी महिन्यातले दोन रविवार ड्यूटीवर असते. मलाही मुलं आहेत. काउंटरवरच्या बाईचा रविवार पवित्र आणि माझा नाही, असं का? बेग्रुंडेन झी बिट्टे (कारण सांगा)!

पेग्निट्झकाठी

‘डा हाबेन झी रेश्ट, आबर...’ (तुमचं बरोबर आहे, पण...) थांबा, मराठीतच आधी जुळवते. हॉस्पिटल बंद ठेवलं तर माणूस मरेल, पँट सोमवारी घेतली तर कुणाचं काही बिघडत नाही. रविवारी कुणालाही कामाला लावायचं तर त्यामागे तसंच कारण असलं पाहिजे. तुमच्या कामाला ते आहे, पँटच्या दुकानाला नाही. जर्मन करून रात्री टाकते.

मिरजेची_परिचारिका

हे पटलं. आता बेकरी. ती रविवारी सकाळी उघडी असते, आणि ब्र्योट्शेनवाचून (छोट्या पावांवाचून) अजून कुणी मेलेलं माझ्या तरी वॉर्डात आलं नाही.